भाव विचारणाऱ्याकडे जामीन मागावा काय?

ओळखीची किंमत गोंदियाच्या व्यापारी घरांना नव्याने सांगावी लागत नाही. येथील भातगिरण्यांतून निघालेला तांदूळ हावडा-मुंबई लोहमार्गाने दोन्ही दिशांना जातो. माल देणारा येथे आणि घेणारा शेकडो कोस दूर, अशी स्थिती असताना नव्या पार्टीशी उधारीचा सौदा करण्यापूर्वी तिच्याशी आधी व्यवहार केलेल्या कोणाकडे तरी चौकशी केली जाते. पैसे मुदतीत येतात काय, मालात खोट काढून भाव पाडण्याची सवय आहे काय, एवढे दोन प्रश्न विचारले की पुरते. परंतु ही चौकशी केव्हा करायची, याचाही एक क्रम ठरलेला आहे. कोणी दूरध्वनीवर नुसता भाव विचारला, तर त्याच्याकडे कोणी तीन जामीन मागत नाही. मालाचा नमुना पसंत पडतो, भाव जुळतो, वजन ठरते, आणि मग उधारीच्या दिवसांचा विषय निघाला की साख पाहिली जाते.

बँकेतही हाच क्रम होता व आहे. कर्जाचे प्रकरण मुळात होण्यासारखे आहे असे दिसल्यावर जामीनदाराची कागदपत्रे मागवली जातात. एका बँकेने दुसऱ्या बँकेकडे एखाद्या खातेदाराविषयी गोपनीय अभिप्राय मागण्याची जुनी पद्धत आहे. तीही मोठा व्यवहार दारात येऊन उभा राहिल्यावरच वापरली जाते. पूर्वी साधे बचत खाते उघडायलासुद्धा जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. ज्याची शहरात कोणाशी ओळख नाही अशा माणसाला त्यामुळे खाते उघडणेच अवघड होई. पुढे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा पुरेसा मानला गेला आणि अशा ओळखीचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले. त्यामुळे बँका बुडाल्या नाहीत.

विद्येच्या क्षेत्रात मात्र हा क्रम उलटा लागलेला आढळतो. अमेरिकेतील विद्यापीठात अध्यापकाची जागा निघाली किंवा पीएच.डी. नंतरच्या संशोधनाची, म्हणजे ज्याला पोस्टडॉक म्हणतात तशी जागा निघाली, की अर्जासोबतच बहुधा तीन शिफारसपत्रे मागितली जातात. अर्जदाराने तीन प्राध्यापकांची नावे व ईमेल पत्ते भरायचे. त्या तिघांना संगणकाकडून आपोआप एकेक दुवा जातो. त्यांनी मुदतीच्या आत आपापले पत्र तेथे चढवायचे. पत्र अर्जदाराला दिसत नाही. तिघांपैकी एकाचेही पत्र आले नाही तर अर्ज अपुरा राहतो आणि पुष्कळ ठिकाणी तो वाचलाच जात नाही. एका जागेसाठी दोनशे अर्ज आले असे धरले, तर सहाशे पत्रे जमा होतात. मुलाखतीला बोलवायचे असतात आठ-दहा. उरलेल्यांची साडेपाचशेहून अधिक पत्रे कोणाच्या उपयोगी पडली, हा हिशेब कोणत्याही मुनीमाला बेचैन करील असा आहे.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांना हा प्रकार ऐकूनही माहीत नसतो, याला कारण आहे. येथील धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय असो वा एन.एम.डी. महाविद्यालय, त्यांचे शिक्षण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली चालते, आणि सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीची घडी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी बसवलेली आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण असावे, अथवा नियमाप्रमाणे पीएच.डी. असावी, पदवी, पदव्युत्तर पदवी, संशोधन, अनुभव यांना गुण, त्या गुणांवर यादी आणि मग मुलाखत. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील गुणतक्त्यांत शिफारसपत्राला एकही गुण नाही. त्यामुळे ‘शिफारस’ हा शब्द आपल्या कानावर वेगळ्याच अर्थाने पडतो. शिफारस म्हणजे वशिला, कोणा वजनदार माणसाचा फोन, संस्थाचालकांच्या जवळच्या कोणाची चिठ्ठी. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आणि कायम नेमणुकीची वाट पाहणाऱ्या तरुणांना विचारले, तर या शब्दाचा अर्थ ते अधिक कडवटपणे सांगतील.

ज्या शिफारसपत्राचा येथे विचार चालला आहे, ते मात्र वशिल्याहून सर्वस्वी भिन्न आहे, निदान तत्त्वतः तरी. ज्याने उमेदवाराचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे त्याने त्या कामाविषयी, जबाबदारीने, नाव घालून लिहिलेली ती साक्ष असते. साक्षीदाराचे सामाजिक वजन दुय्यम. त्याने काय पाहिले ते मुख्य.

हा फरक घरात समजावून सांगताना तरुण मंडळींची दमछाक होते. धान्यबाजारातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. मुलीने गोंदियाहून बी.एस्सी. केले, नागपूरहून एम.एस्सी., पुढे एखाद्या राष्ट्रीय संस्थेत पीएच.डी. पूर्ण करीत आणली आणि आता ती परदेशात अर्ज करते आहे. तीन पत्रांपैकी एक तिच्या मार्गदर्शकांचे, हे ठरलेले. दुसरे जमण्यासारखे. तिसऱ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला आहे. वडिलांना वाटते, यात काय अवघड? चाळीस वर्षांची पेढी, आमदार-खासदारांपर्यंत ओळख, सनदी लेखापाल घरचे, समाजाच्या अध्यक्षांचा शब्द तालुक्यात चालतो. यांपैकी कोणाचेही पत्र कामाचे नाही, उलट ते जोडले तर अर्जाला अपाय होईल, हे त्यांना पटत नाही. मुलगी चिडते, वडील दुखावतात. आयुष्यभर जमवलेली साख मुलीच्या कामी येत नाही, हे कोणत्याही बापाला सहज गिळता येण्यासारखे नाही.

अशा वडिलांना कदाचित थोडा दिलासा वाटेल अशी एक जुनी हकीकत आहे. १९०१ साली इटलीतील मिलान शहरात राहणाऱ्या हर्मान आइन्स्टाइन नावाच्या एका उद्योजकाने जर्मनीतील लाइपझिगच्या प्रा. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिले. विद्युत्-उपकरणांचा त्यांचा धंदा म्युनिकमध्ये बसला होता आणि इटलीत येऊनही सावरला नव्हता. मुलगा झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून १९०० साली पदवीधर झालेला. बरोबरीच्यांना तेथेच सहायकाच्या जागा मिळाल्या, याला नाही. त्याने ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना अर्ज पाठवले. ओस्टवाल्ड यांनाही दोनदा लिहिले. आपले प्राध्यापक वेबर यांनी आपल्याविषयी चांगले मत दिले नसावे आणि म्हणून कोठेच दार उघडत नाही, असा त्याचा समज झाला होता. मुलाची ती उदास अवस्था पाहून १३ एप्रिल १९०१ रोजी हर्मान यांनी, मुलाला न कळवता, त्या अपरिचित प्राध्यापकांना विनंती केली. जागा देता येत नसेल तर निदान त्याचा लेख वाचून त्याला चार उत्तेजनाचे शब्द तरी लिहावेत, एवढेच त्यांचे मागणे होते. उपयोग झाला नाही.

पुढच्या वर्षी मुलगा नोकरीला लागला तोही विद्यापीठात नव्हे, तर बर्न येथील पेटंट कार्यालयात. तेथे त्याचा वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान याच्या वडिलांनी कार्यालयाच्या संचालकांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता. म्हणजे आपल्या बापाचा शब्द चालला नाही आणि मित्राच्या बापाचा चालला; कारण तो ओळखीच्या माणसाकडे टाकलेला होता. हर्मान १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. ज्या ओस्टवाल्ड यांच्याकडे त्यांनी पदर पसरला होता, त्यांनीच पुढे १९१० च्या नोबेल पारितोषिकासाठी आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे नाव सुचवले. ते पाहायला हर्मान नव्हते.

पुढे याच आइन्स्टाइन यांच्याकडे एक भारतीय अध्यापक शिफारसपत्र मागायला गेला. ढाका विद्यापीठाचे सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४ चा शोधनिबंध आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन भाषेत उतरवून प्रसिद्ध करवला होता. १९२६ साली ढाक्याला प्राध्यापकाची जागा निघाली तेव्हा बोस यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती, म्हणून मित्रांनी पत्र मिळवण्याचा सल्ला दिला. पत्र मिळाले. तरीही निवड समितीची पहिली पसंती दुसऱ्याच उमेदवाराला होती. त्यांनी जागा स्वीकारली नाही म्हणून बोस यांची नेमणूक झाली. आइन्स्टाइनच्या पत्रालाही समिती बांधलेली नसते, हे यातून दिसते. आणि ज्याच्या नावाने पदार्थकणांचा एक आख्खा वर्ग ओळखला जातो, त्यालाही कागद जमवावे लागतात, हेही.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर शिफारसपत्र म्हणजे काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राचे प्रा. एडविन सेलिग्मन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९१६ साली ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची सवलत लंडन विद्यापीठाने दिली, ती तेथील प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रयत्नाने. करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. महाराजांचा आश्रय होता, नेमणूक होती, कोलंबियाचे शिक्षण होते. परंतु राहायला खोली मिळाली नाही. पारशी उतारगृहातून त्यांना जातीच्या कारणाने बाहेर काढण्यात आले. महाराजांच्या नोकरीचा कागद कचेरीत चालला, खानावळीच्या दारात चालला नाही.

मुंबईस परतल्यावर १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम, ज्यांच्या नावाने हे वाणिज्य महाविद्यालय निघाले, त्यांच्याशी आंबेडकरांचा लंडनमध्ये परिचय झालेला होता, आणि या कामी त्यांचे साहाय्य झाले असे चरित्रकार सांगतात. पात्रता निःसंशय होती. पण ती पात्रता निवडणाऱ्यांच्या नजरेस आणून देणारे कोणी तरी लागले. दीड वर्ष नोकरी करून, पैसे साठवून, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्या वेळी सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहून संशोधनात साहाय्य करण्याची विनंती केली होती.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी खरे तर याच्या पुढचा दाखला जपून ठेवण्यासारखा आहे. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला, त्याला प्रा. कॅनन यांची प्रस्तावना आहे. प्रस्तावना म्हणजे एका अर्थी जाहीर शिफारसपत्रच. कॅनन यांनी त्यात आंबेडकरांची बहुतेक टीका आपल्याला मान्य नसल्याचे उघडपणे लिहिले आणि त्याच लेखणीने या ग्रंथातील विचारांच्या टवटवीतपणाची दाद दिली. जे पटले नाही ते सांगून मग केलेली स्तुती वाचणाऱ्याला खरी वाटते. ‘हुशार, कष्टाळू, शिस्तप्रिय, सद्वर्तनी’ अशा चार विशेषणांच्या दाखल्यापेक्षा कॅनन यांचे ते मतभेदाचे शब्द आंबेडकरांच्या अधिक उपयोगी पडले असतील.

आपल्याकडची पुष्कळशी पत्रे नेमकी येथेच कमी पडतात. महाविद्यालयातील सर मनापासून लिहितात. पण लिहितात ते चारित्र्याचा दाखला लिहावा तसे. मुलगी वर्गात नियमित होती, तिची वागणूक चांगली होती, भावी आयुष्यास शुभेच्छा. परदेशातील समितीला हवे असते ते असे: तिने कोणता प्रश्न स्वतः शोधला, प्रयोग फसला तेव्हा काय केले, आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत तिचा क्रम कितवा. त्यातही अमेरिकेतील पत्रांत विशेषणांची खैरात असते आणि इंग्लंडकडील पत्रे हात राखून लिहिलेली असतात. सर्वश्रेष्ठाहून कमी काही लिहिले की ते निंदेसारखे वाचले जाण्याची भीती, आणि सगळेच सर्वश्रेष्ठ म्हटले की शब्दाला वजन नाही. बँकांच्या गोपनीय अभिप्रायांतही अशीच सांकेतिक भाषा असे. उघड वाईट कोणी लिहीत नसे, काय लिहिले नाही त्यावरून जाणकार ओळखत असत. ही भाषा गोंदियातल्या शिक्षकाला कोण शिकवणार?

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घेतलेली बरी. अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक-नेमणुकांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास फ्रान्सिस ट्रिक्स व कॅरोलिन सेंका यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. स्त्री-उमेदवारांची पत्रे सरासरीने आखूड होती, त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये अधिक होती, आणि पुरुषांविषयी लिहिताना संशोधनावर भर, तर स्त्रियांविषयी लिहिताना शिकवण्यावर, असा कल दिसला. पत्रे लिहिणाऱ्यांनी हे हेतुपूर्वक केले असेल असे नाही. पण उमेदवाराला पत्र दाखवलेच जात नसल्याने तिला ते कळण्याचा मार्गही नसतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला, तेव्हा शिफारसपत्रे गोपनीय राहावीत म्हणून तो हक्क सोडून देण्याची सोयही ठेवली गेली. पुष्कळ अर्जांत त्याची चौकट असते आणि बहुतेक जण हक्क सोडतातच, कारण उमेदवाराला दिसू शकणाऱ्या पत्रावर वाचणारा विश्वास ठेवीत नाही.

शिक्षकांच्या बाजूनेही थोडे पाहिले पाहिजे, कारण ओझे दोन्हीकडे आहे. एका संशोधकाने चाळीस ठिकाणी अर्ज केला, तर त्याच्या मार्गदर्शकाला चाळीस दुवे येतात. प्रत्येक ठिकाणचे पोर्टल निराळे, प्रत्येक ठिकाणी नवा पासवर्ड, कोठे पत्रासोबत प्रश्नावली. असे पाच विद्यार्थी एकाच वर्षी बाहेर पडले की दोनशे वेळा तेच. गणितासारख्या काही विषयांनी पत्र एकदाच चढवून अनेक विद्यापीठांना पाठवता येईल अशी सामायिक व्यवस्था केली आहे, ती शहाणपणाची म्हटली पाहिजे. सर्व विषयांत ती नाही. निवृत्त शिक्षकांची अडचण आणखी वेगळी. संस्थेचा ईमेल पत्ता बंद झालेला असतो आणि साध्या खाजगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे पलीकडचा माणूस संशयाने पाहतो. अशा वेळी कंटाळलेले सर म्हणतात, “बाळ, तूच मसुदा लिहून आण, मी सही करतो.” ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. वावगे आहेच. साक्ष साक्षीदाराची असावी लागते. शिवाय एकाच हातचे तीन मसुदे तीन सह्यांनी गेले की वाचणाऱ्याच्या ते सहज लक्षात येते आणि मग चांगला उमेदवारही खोटा ठरतो. सरांना मसुदा देण्याऐवजी आपल्या कामाचे टिपण, प्रबंधाचा सारांश, कोणत्या वर्षी कोणता विषय त्यांच्याकडे शिकलो याची यादी द्यावी, लिहायचे त्यांनी.

यावर उपाय काही अवघड नाही आणि तो कोठे नाही असेही नाही. ब्रिटनमधील पुष्कळ विद्यापीठांत अर्जात साक्षीदारांची फक्त नावे घेतात आणि अंतिम यादीत आलेल्यांसाठीच त्यांना लिहितात. आपल्याकडील काही राष्ट्रीय संस्थाही नावे घेऊन ठेवतात व पुढच्या टप्प्यावर स्वतः पत्र मागवतात. अमेरिकेतही तीन पत्रे आधीच मागण्याचा हट्ट काही विभागांनी सोडला आहे. जेथे तो टिकून आहे, तेथे त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या प्रयोगशाळेचे नाव जगात आहे, त्याच्या विद्यार्थ्याला तिसरे पत्र म्हणजे एक फोन. जो आपल्या घरातला विद्यापीठात शिकवू पाहणारा पहिलाच आहे, त्याला तिसरे पत्र म्हणजे रात्रीची झोप. सहाशे पत्रे मागवणाऱ्या समितीला मागताना काही खर्च येत नाही, म्हणून ती मागते. खर्च पडतो तो अर्जदारावर आणि त्याच्या गुरुजनांवर.

व्यापारी समाजातून विद्येकडे वळण्याची परंपरा नवी नाही. डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि षट्खंडागमाच्या धवला टीकेचे संपादन करीत. त्याचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात डॉ. आ. ने. उपाध्ये अर्धमागधी शिकवीत. आज आपल्या घरांतून बाहेर पडणारी मुले-मुली संगणकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांत तेवढ्याच निष्ठेने काम करीत आहेत. घरच्यांनी त्यांना या कामी करण्यासारखी मदत थोडी आहे, पण आहे. वजनदार माणसाकडे चिठ्ठी मागू नये, मुलांनी नको म्हटले तर नकोच. परिषदेला जाण्याचा खर्च मागितला तर हात आखडू नये, कारण तिसरे पत्र लिहिणारा माणूस बहुधा तेथेच भेटतो. जुन्या शिक्षकांशी संबंध राखायला पदवीच्या पहिल्या वर्षापासून सांगावे; सात वर्षांनी एकदम पत्र मागायला गेलेल्या विद्यार्थ्याविषयी सर काय आठवून लिहिणार? आणि पत्र मागायचे ते किमान सहा आठवडे आधी, मुदतींची यादी हातात देऊन. नकार आला तर रागावू नये, अर्ध्या मनाने लिहिलेल्या पत्रापेक्षा तो बरा.

अमेरिकेतील बहुतेक अर्जांच्या मुदती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात संपतात. गोंदियात तेव्हा नवे धान बाजारात आलेले असते, गिरण्या रात्रंदिवस चालू असतात, दिवाळीचे वहीपूजन तोंडावर असते किंवा नुकतेच आटोपलेले असते, आणि घरात कोणाला क्षणाची उसंत नसते. त्या दिवसांत वरच्या खोलीत बसून मुलगी रात्री एक वाजता तिसऱ्या पत्राची वाट पाहत ईमेल उघडून बसली असेल, तर दुकानातून उशिरा आलेल्या वडिलांनी ‘अजून झाले नाही काय?’ असे विचारण्यापेक्षा चहाचा एक कप तिच्याजवळ नेऊन ठेवावा.